बेलीफकाका आणि अमेरिकेतला मनाई हुकूम

आधी बेलीफकाकांचं सांगतो, मग काय झालं ते. उलटं सांगायला बसलो तर माझा राग पुढे धावेल आणि काका मागे राहतील. ते बरं नाही.

दोह्याच्या अल मन्सूरा भागातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर नाशिकचं एक कुटुंब राहतं. मुलगा गॅस कंपनीत इंजिनिअर. त्याचे वडील काही महिन्यांसाठी त्याच्याकडे आले होते. जन्मभर कोर्टात बेलीफ होते. कोर्टाचा कागद ज्याच्या त्याच्या दारात नेऊन पोचवायचा, समन्स असो, जप्ती असो, मनाई हुकूम असो, हे त्यांचं काम. नातवंडं त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, सून-मुलगा दिवसभर ऑफिसात. म्हणून काका सकाळ-संध्याकाळ खाली कॅफेटेरियात येऊन बसायचे, करक, म्हणजे इथला उकळलेला दुधाचा चहा घ्यायचे आणि कुणाच्या तोंडून मराठी ऐकू येते का याची वाट बघायचे. माझी बहीण आज अमेरिकेत शिकते आहे ती तिच्या हिमतीमुळे, तिथल्या वकिलांमुळे आणि या माणसामुळे. वकिलांचे आभार तिनं मानले. काकांचे मी मानतो.

मी रायगडचा, खाडीकाठच्या गावातला. आठवीत शाळा सुटली. आता कतारच्या मोठ्या बंदरावर, हमद पोर्टला आहे. फळं, मटण, औषधं घेऊन येणारे थंड कंटेनर जहाजावरून उतरले की त्यांना वीज जोडायची आणि आतलं तापमान चढत नाही ना ते बघत राहायचं, हे माझं काम. बहीण माझ्या पाठची. ती शिकत गेली आणि मी तिला शिकू दिलं. गावातल्या लोकांनी तोंडसुख घेतलं. "पोरीला अमेरिकेला? मग निकाह काय मोबाईलवर लावणार?" असं एका चाच्यानं भर लग्नात अम्मीला विचारलं होतं. अम्मी म्हणाली, "लावीन. तुला आमंत्रण पण मोबाईलवरच देईन." खारं पाणी गोडं कसं करायचं यावर तिचा अभ्यास चालला होता आणि शेवटचं वर्ष होतं.

त्या शुक्रवारी मी कॅफेटेरियात बसलो होतो तेव्हा तिचा फोन आला. तिच्याकडे सकाळ होती. आवाज असा की मला वाटलं अम्मीचं काही झालं.

"भाई, माझा रेकॉर्ड बंद केलाय."

विद्यापीठाच्या परदेशी मुलांच्या ऑफिसातून तिला ईमेल आला होता. सरकारी खात्यानं तुमचं विद्यार्थी म्हणून असलेलं रेकॉर्ड बंद केलं आहे, त्यामुळे तुमचा इथे राहण्याचा आधार संपला आहे, लॅबमधलं काम ताबडतोब थांबवा. कारण काय, तर तपासणीत तुमच्या नावावर पोलिसांची नोंद सापडली. नोंद कसली? आदल्या वर्षी मैत्रिणीची गाडी चालवताना मागचा दिवा लागत नव्हता म्हणून पोलिसानं थांबवलं होतं. तिथल्या छोट्या कोर्टानं ते प्रकरण तेव्हाच काढून टाकलं होतं. एका बल्बपायी! माणसाचं सगळं शिक्षण एका बल्बपायी बंद करतात, आणि करणाऱ्याची खाली सहीसुद्धा नसते.

पण तेव्हा मला राग नाही आला. मला भीती वाटली. आणि भीती वाटली की मी जे करतो तेच केलं.

"बाय, ऐक," मी म्हटलं. "हापिसात जा. जो कोण मोठा असेल त्याला भेट. सांग, चूक झाली, परत होणार नाय."

"कसली चूक?"

"बल्बची."

"ती केस कोर्टानं काढून टाकली ना!"

"मग काय झाला? मोठ्या माणसासमोर मान वाकवली म्हणून मान तुटत नाय. लिहून दे, माफ करा."

"मोठा माणूस कोण ते तरी सांग. सही पण नाय कोणाची."

"मग बॅग भर. व्हिसा कॅन्सल झाला की खलास. वर दंड लागायच्या आत निघ. यल्ला, चल लवकर, मी तिकीट बघतो."

हे मी काही वेडेपणानं बोलत नव्हतो. आखातात राहणाऱ्या आमच्यासारख्यांची ती रीतच आहे. आधी सॉरी म्हणायचं, मग काय झालं ते विचारायचं. मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, लांबून येताना दिसला तरी तोंडात सॉरी तयार असतं. एकदा एका कंटेनरची वीज दुसऱ्याच पाळीत सुटली होती. मुदीरनं विचारल्याबरोबर मी सॉरी म्हटलं, आणि वॉर्निंग माझ्याच नावावर चढली, कारण ज्यानं सॉरी म्हटलं तोच गुन्हेगार. तरी मी शिकलो नव्हतो. उलट तीच अक्कल मी सात समुद्रापार बहिणीला देत होतो.

फोन ठेवला तसे शेजारच्या टेबलावरचे काका माझ्याकडे वळले. लिफ्टमध्ये दोन-चारदा बोलणं झालेलं होतं, तेवढीच ओळख.

"अहो बंदरवाले, मधे बोलतोय, राग मानू नका. तिला माफी मागायला लावू नका."

"का?"

"माफीचा कागद दिला की उद्या कोर्ट विचारणार, गुन्हा केला नव्हता तर कबूल कशाला केलास?"

"काका, कोर्ट कुठून आलं मधेच? हा सरकारचा हुकूम आहे. तिथल्या राष्ट्राध्यक्षाच्या सरकारचा!"

"हुकूम सरकारचाच असतो बाबा. कोर्ट असतं ते हुकूम कायद्यात बसतो की नाही ते बघायला."

मला हसू आलं, पण कडू. म्हटलं, "आमच्याकडे कामावर ठेवणारा मुदीर, काढणारा तो, आणि तक्रार ऐकणाराही तोच. कोर्टबिर्ट मोठ्या लोकांचं."

काका चिडले. माणूस एरवी मऊ, पण त्या शब्दावर चिडले. "मी कुणाच्या दारात जायचो माहीत आहे? पत्र्याच्या खोलीतल्या बाईनं आणलेला मनाई हुकूम घेऊन मी नगरपालिकेच्या साहेबाच्या दारात जायचो. मोठे लोक! लावा तिला फोन परत."

मी लावला. व्हिडिओवर एक अनोळखी टोपीवाला म्हातारा बघून ती आधी बुजली. काकांनी एकच विचारलं, "बेटा, काढायच्या आधी तुला नोटीस दिली होती? तुझं म्हणणं विचारलं होतं?"

"नाही काका."

"मग तू कुठेही जाऊ नकोस. कागदावर सही करू नकोस. वकील शोध."

वकील सापडले. तिच्यासारखी अनेक मुलं होती, आणि काही वकील सगळ्यांचा मिळून एक अर्ज करणार होते. ती दर दोन-तीन दिवसांनी काकांना फोनवर सांगायची आणि मी शेजारी बसून ऐकायचो. अमेरिका म्हणजे राष्ट्राध्यक्ष, तो म्हणेल ती पूर्व, असं मी समजून होतो. ती म्हणाली, तसं नाही. कायदे करणारी संसद वेगळी. राष्ट्राध्यक्षाचं काम ते कायदे अंमलात आणायचं. सगळी खाती त्याच्या हाताखाली, त्यामुळे त्याचा हात लांब आहे. पण तो हात कायद्याच्या बाहेर गेला तर गेला असं सांगायचा अधिकार न्यायाधीशाचा.

"आणि न्यायाधीशाला नेमतो कोण?" मी विचारलं.

"राष्ट्राध्यक्ष. वरच्या सभागृहानं होकार दिला की."

"मग झालं! ज्यानं नोकरी दिली त्याच्या विरुद्ध कोण बोलणार?"

"एकदा बसवला की त्याला काढता येत नाही, भाई. वागणूक नीट असेल तर मरेपर्यंत खुर्ची त्याचीच."

हे मला पटायला वेळ लागला. नेमता येतं पण काढता येत नाही, असा माणूस मी कुठल्या कंपनीत पाहिला नव्हता.

काकांना मात्र दुसरीच काळजी. "तिकडे बेलीफ कोण असतो गं?"

तिनं चौकशी करून दुसऱ्या दिवशी सांगितलं की मोठ्या कोर्टाचे हुकूम बजावणारे मार्शल असतात, आणि ते राष्ट्राध्यक्षाच्याच एका खात्यात मोडतात.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे ज्याच्यावर हुकूम बजावायचा त्याच्याच पगारावर? ही कुठली पद्धत? मग सरकार हुकूम पाळतं कशाला?"

"पाळायचा असतो म्हणून पाळतात, काका."

"हं," काका म्हणाले. "आमच्याकडे तरी काय होतं. कोर्टाकडे ना फौज ना तिजोरी. एक कागद आणि मी. सायकलसुद्धा माझी."

खोलीवर वेगळाच तमाशा. माझ्या रूममध्ये रत्नागिरीचा एक फोरमनच्या हाताखालचा माणूस राहतो. तो म्हणाला, "तुझी बहीण अमेरिकेच्या सरकारवर केस करणार? तू आधी इथं मेसवाल्यावर कर. डाळीत पाणी घालतो." सगळे हसले. मीही हसलो, आणि मग पांघरूण डोक्यावर घेऊन पडलो, कारण मला खरोखर वाटत होतं की सरकारवर केस केली तर तिला उचलून नेतील. बहिणीलाही तीच भीती होती. पण वकिलांनी अर्जात मुलांची नावं घातली नाहीत. नावाऐवजी एकेक इंग्रजी अक्षर. अम्मीनं चाळीस दिवस विचार करून ठेवलेलं नाव, त्याच्या जागी एक अक्षर. लपायचं कुणी? जिनं बंद दिव्याची गाडी चालवली तिनं, आणि ज्यानं सहीशिवाय ईमेल पाठवला त्यानं छाती पुढे काढून फिरायचं!

बहिणीच्या खोलीत हैदराबादची एक मुलगी राहायची. तिचंही रेकॉर्ड त्याच आठवड्यात बंद झालं होतं. तिचे वडील दम्मामला, माझ्यासारखेच आखातात झिजलेले. त्यांनी तिला तेच सांगितलं जे मी सांगितलं होतं. ऑफिसात लिहून दे, माफ करा, आणि निघून ये. तिनं लिहून दिलं, आणि अर्ज दाखल व्हायच्या आधी ती निघून गेली. बहिणीनं विमानतळावर सोडून आल्यावर फोन केला. रडत नव्हती. म्हणाली, "भाई, तिची उशी इथंच राहिली."

सुनावणी तिकडे सकाळी होती, म्हणजे आमच्याकडे संध्याकाळ. बाहेरच्या लोकांना ऐकायला कोर्टानं एक फोन नंबर दिला होता. मी ड्यूटीवरून थेट कॅफेटेरियात आलो. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, जसे स्वतःच कोर्टात निघालेत. मी मोबाईल टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. कॅफेटेरियाचा मलबारी मालक आपणहून टीव्ही बंद करून गेला.

न्यायाधीश बाई होत्या. सावकाश बोलायच्या, त्यामुळे माझ्या बंदरावरच्या इंग्रजीलाही कळत होतं. सरकारचा वकील मात्र भराभरा. काकांना इंग्रजी कमी समजायचं, पण ते आवाजावरून म्हणाले, "हा तारीख मागतोय बघ. आता सहा महिने गेले."

बाईंनी त्याला एका अक्षराचं नाव घेऊन विचारलं. ते माझ्या बहिणीचं अक्षर होतं. "ही मुलगी आज इथं कायदेशीर आहे की बेकायदा?"

कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला की त्याला सांगता येत नाही.

"मग उद्या तिनं वर्गात जावं की विमानतळावर?"

त्यावर सल्ला देणं त्याच्या अधिकारात नाही, असं तो म्हणाला.

"काय म्हणाला?" काकांनी माझा दंड धरला.

"म्हणतो, माहीत नाही."

"कोण? सरकारचा वकील?"

"हो."

"सरकारनं काढली, आणि काढली की नाही ते सरकारलाच माहीत नाही?" काकांचा आवाज इतका चढला की रस्त्यावरचा एक माणूस थबकला. "पोरीचं आयुष्य आहे का खेळणं?"

मला तोवर भीतीच वाटत होती. त्या क्षणी ती संपली आणि राग आला. इतके दिवस मी ज्याला मोठा माणूस समजून माफी मागायला निघालो होतो, त्या मोठ्या माणसाला स्वतःला काही माहीत नव्हतं! कुणीतरी कॉम्प्युटरवर यादी चाळली, नाव जुळलं, बंद. कुणी बघितलं नाही की प्रकरण निकाली निघालंय. माझ्या बंदरावर एका कंटेनरची वीज काढायची तरी दोघांना विचारून काढतात, कारण आत मटण असतं.

काकांचा अंदाज मात्र चुकला. बाईंनी तारीख दिली नाही. त्याच दिवशी मनाई हुकूम दिला की अर्जदारांचं रेकॉर्ड पहिल्यासारखं करा आणि पुढचा निकाल लागेपर्यंत त्यांना हात लावू नका. काकांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "त्याच दिवशी! आमच्याकडे तर हुकुमाची नक्कल मिळायलाच..." आणि पुढचं वाक्य त्यांनी चहाबरोबर गिळलं.

पण हुकूम झाला म्हणजे झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड बंदच. तिसऱ्या दिवशी बंदच. मी पुन्हा घाबरलो, काकांना म्हटलं, "त्यांनी कोर्टाचं ऐकलं नाही तर? त्यांच्याकडे पोलीस, त्यांच्याकडे फौज."

तेव्हा त्यांनी ती पत्र्याच्या खोलीची गोष्ट सांगितली. ते हुकूम घेऊन पोचले तर बुलडोझर उभा, आणि साहेब त्यांना बघून बुलडोझरच्या मागे जाऊन बसलेले. शिपाई म्हणाला, साहेब नाहीत. काकांना साहेबांचे बूट दिसत होते. "मी काय केलं? दोन पंच बोलावले, हुकूम मोठ्यानं वाचला आणि बुलडोझरलाच चिकटवून टाकला. ड्रायव्हर म्हणाला, आता मी हा चालवणार नाही, माझी नोकरी जाईल. खलास." हा शब्द अरबांसारखा म्हणायला ते दोह्यात शिकले होते आणि जरा मिरवायचे. "सरकार म्हणजे कोण? तो ड्रायव्हर. त्याला हुकूम दिसला पाहिजे. पोरीला सांग, वकिलाला रोज कळवत राहा."

ती रोज कळवत राहिली. वकिलांनी बाईंना कळवलं, बाईंनी सरकारच्या वकिलाला खडसावलं, आणि आठवडा उलटायच्या आत रेकॉर्ड चालू झालं. ती लॅबमध्ये परत गेली.

मी तिला विचारलं, "आणि ती हैदराबादची?"

तिचं रेकॉर्ड बंदच राहिलं. हुकूम अर्ज करणाऱ्यांपुरता होता. जो कोर्टाच्या दारात उभा राहिला त्यालाच न्याय, दुसऱ्याला नाही. वकील म्हणाले की ती वेगळा अर्ज करू शकते, पण ती देशाबाहेर आहे आणि तिनं चूक लिहून दिली आहे, त्यामुळे सगळंच अवघड. ईमेल तोच, खातंही तेच, आणि गुन्हा तर दोघींचाही नाही. एक आत, एक बाहेर. या गोष्टीचा राग माझ्या डोक्यातून अजून जात नाही. खात्याचा राग तर आहेच. पण दम्मामच्या त्या बापाचाही येतो, आणि मग लाज वाटते, कारण त्या दिवशी शेजारच्या टेबलावर कुणी बसलेलं नसतं तर तो बाप आणि मी एकच होतो. कुणी शिकवलं आम्हाला इतकं वाकायला? पोराबाळांना शिकायला पाठवतो आणि सोबत आपलं सॉरी बांधून देतो.

बहिणीचंही सगळं सुरळीत आहे असं नाही. हुकूम तात्पुरता आहे, सरकार वरच्या कोर्टात गेलं आहे. आणि कोर्टानं तिचं आत राहणं राखलं, पण ती बाहेर पडली तर परत घ्यायचं की नाही हे अजून त्या सरकारच्याच हातात. म्हणून ती ईदला आली नाही. अम्मीनं शीरखुर्मा केला आणि तिला फोनवर दाखवला. मी वरच्या कोर्टाचं काय झालं ते रोज विचारतो. ती म्हणते, "भाई, तू कंटेनर बघतोस तसा मला बघतोस." बघणारच.

काकांच्या व्हिसाची मुदत संपत आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. आयुष्यभर नाशिकला राहिलेला माणूस, त्यांना मोठं जहाज जवळून बघायचं होतं, हात लावता येईल इतकं जवळून. मी आमच्या सुपरवायझरला विचारलं, गेटवर विचारलं. बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत, नियम आहे. विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा मी खाली मान घालून म्हटलं, "सॉरी काका."

"परत सॉरी?" त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "नियम तू केलास का?"

काका, हे तुम्ही वाचाल की नाही माहीत नाही. कुणी वाचून दाखवलं तर ऐका. बहिणीचं शिक्षण पुरं होऊ दे, तिला कुणाच्या दयेशिवाय घरी येऊ दे. मग आम्ही दोघं नाशिकला येऊन तुम्हाला आमच्या गावी घेऊन जाणार. आमच्याकडे हमद पोर्टसारखी मोठी जहाजं नाहीत, पण मावशीच्या मुलाची मच्छीमारीची लाँच आहे. ती तुम्हाला बाहेरच्या समुद्रात घेऊन जाईल, जिथून मुंबईची मोठी जहाजं जातात. जवळ जाता येईल तितकं जवळ नेईन, आणि लाँच सांभाळायला मी स्वतः असेन. इन्शाल्ला, हे मी करणार आहे.